रिपासिंग होईल, आधी ब्रेकचं बघा

साताऱ्याच्या एका वाचक ताईंचं पत्र, थोडं आटोपतं घेऊन:

“बाबांनी सप्टेंबर २०११ मध्ये निवृत्तीच्या पैशांत थोडं बँकेचं कर्ज घालून छोटी पेट्रोल गाडी घेतली. येत्या सप्टेंबरात तिला १५ वर्षं होतील. बाबा ७६ वर्षांचे आहेत, गाडी तेच चालवतात. मीही शिकले आहे. फिरणं फार नाही. मंडई, दवाखाना आणि वर्षातून तीन-चारदा पाचगणीला आत्याकडे. आजवर ४२ हजार किलोमीटरच झालेत. गाडी अगदी लख्ख ठेवलीय, फक्त घाट उतरताना ब्रेक जरा खोल जातो, पण बाबा म्हणतात दोनदा दाबला की लागतो. रिपासिंगसाठी एजंटाकडे चौकशी केली तर तो म्हणाला, गाडी आणायचीही गरज नाही, कागद द्या, मी बघतो. भाऊ लेस्टरला असतो, त्याचं म्हणणं, दिल्लीत १५ वर्षांनी गाडी भंगारात जाते, तुम्हीही काढून टाका. बाबा म्हणतात, पीयूसी आहे, विमा आहे, आणखी तपासायचं काय? एजंटाला हो म्हणू का? आणि बाबांना कसं समजावू? श्रावणात आत्याकडे जायचंय.”

ताई, एजंटाला नाही म्हणा. रिपासिंग, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण, तुमचं तुम्हाला करता येतं, आणि १५ वर्षं झाली म्हणून गाडी भंगारात काढायची सक्ती महाराष्ट्रात तुमच्यावर नाही. दोन्हींबद्दल पुढे सविस्तर लिहितो. पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं, आणि ते तुम्ही प्रश्न म्हणून लिहिलेलंच नाही. “दोनदा दाबला की लागतो.” आज दुसरं काही करू नका. हे उत्तर बाबांना वाचून दाखवा आणि ब्रेक दुरुस्त होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नका. गावातसुद्धा फक्त गॅरेजपर्यंत न्या, तीही सावकाश. मेकॅनिक घरी यायला तयार असेल तर त्यालाच बोलवा.

मी बावीस वर्षं आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवला. हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय, आणि बोलणारा माणूस जवळजवळ प्रत्येक वेळी जपून चालवणारा, गाडीवर जीव असणारा असतो. त्याला गाडीची सवय झालेली असते. पेडल महिन्याला केसभर खोल जात राहतं, पाय आपोआप जुळवून घेतो, आणि दोन वर्षांनी दोनदा दाबणं ही त्याच्या चालवण्याची पद्धतच होऊन बसते.

आत काय होतं ते सांगतो, म्हणजे बाबांशी बोलताना तुमच्या हाताशी काहीतरी असेल. तुम्ही पेडल दाबता तेव्हा मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ब्रेक ऑइल पुढे ढकलतो. ते नळ्यांतून चारही चाकांपर्यंत जातं. पुढच्या चाकांत पॅड डिस्कला आवळतात, मागच्या चाकांत शू ड्रमला. ऑइल दाबून लहान होत नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. पण लायनमध्ये हवा शिरली असेल तर पायाचा पहिला जोर ती हवा दाबण्यातच जातो. मागचे शू झिजून ड्रमपासून लांब गेले असतील तर ते अंतर भरून काढण्यातच पहिला दाब संपतो. दोन्ही बाबतीत दुसऱ्यांदा दाबलं की ब्रेक लागतो. मास्टर सिलिंडरचे रबरी वायसर गेले असतील किंवा मागच्या एखाद्या व्हील सिलिंडरमधून (चाकातल्या, शू ड्रमवर ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरमधून) ऑइल झिरपत असेल तरी हेच होतं, आणि ही दोन कारणं जास्त वाईट, कारण ती एक दिवस दुसऱ्या दाबालाही दाद देत नाहीत.

कारण कोणतं हे घरच्या घरी थोडंफार कळतं. गाडी सपाट जागेवर उभी करा, इंजिन चालू ठेवा, पेडल एकदा घट्ट दाबून अर्धा मिनिट तसंच धरा. पाय हळूहळू खाली जात राहिला तर मास्टर सिलिंडर किंवा गळती. पेडल जागेवर थांबलं, पण भराभर तीन-चारदा दाबल्यावर वर येऊन कडक झालं, तर हवा किंवा शूचं अंतर. मग खाली वाकून मागच्या दोन्ही चाकांच्या आतल्या बाजूला बॅटरी मारा. टायरच्या आतल्या भिंतीवर ओला, तेलकट ओघळ दिसला तर व्हील सिलिंडर गळतोय. आणि बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची छोटी पांढरट बाटली बघा. तिच्यावर वरची आणि खालची अशा दोन रेघा असतात. पातळी खालच्या रेघेला टेकली असेल तर नुसतं ऑइल ओतून मोकळे होऊ नका. पॅड झिजले की पातळी थोडी उतरते, पण त्याहून जास्त उतरलेली पातळी म्हणजे ऑइल कुठून तरी बाहेर जातंय.

आता त्या बाटलीतल्या ऑइलचा रंग बघा. आयटीआयमध्ये मी मुलांसमोर दोन काचेच्या बाटल्या ठेवायचो. एकीत नवं ब्रेक ऑइल, मधासारखं फिकट आणि पारदर्शक. दुसरीत सात-आठ वर्षं न बदललेल्या गाडीतून काढलेलं, बिनदुधाच्या उकळलेल्या चहासारखं काळपट. मुलं म्हणायची, सर, ब्रेक तर लागत होते की. हो, सपाटीवर लागत होते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, गाडी चालो न चालो. डीओटी-३ जातीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. त्यात साडेतीन-चार टक्के पाणी मुरलं की मानकाप्रमाणे तो १४० पर्यंत उतरलेला चालतो. घाटात ब्रेक तापतात, ती उष्णता ऑइलपर्यंत जाते, पाणी मुरलेलं ऑइल चाकापाशी उकळायला लागतं, वाफेचे बुडबुडे होतात. वाफ हवेसारखीच दबते. पेडल फळीला टेकतं आणि गाडी तशीच पुढे जाते.

पसरणीचा घाट तुम्ही नेहमी उतरता, तो डोळ्यांसमोर आणा. पाचगणी सुमारे १३०० मीटर उंचीवर, वाई ७०० च्या आसपास. जेमतेम बारा किलोमीटरांत गाडी सहाशे मीटर खाली येते. हजार किलोची गाडी सहाशे मीटर खाली आणताना जी ऊर्जा मुरवावी लागते, तिच्यात अठरा लिटर पाणी उकळीला येईल. इंजिनाने त्यातला मोठा वाटा उचलावा म्हणून घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा असतो. बाबा पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरत असतील तर सगळा भार त्या चार चाकांतल्या जुन्या ऑइलवर पडतो. त्यांना हे जरूर विचारा, रागावून नको. त्यांच्या पिढीतल्या पुष्कळ चांगल्या ड्रायव्हरांना ही सवय आहे.

गाडी फक्त ४२ हजार किलोमीटर चालली, हे तुम्ही जमेची बाजू म्हणून लिहिलंय. इंजिनापुरतं ते खरं आहे. रबर, ऑइल आणि पत्रा मात्र किलोमीटर मोजत नाहीत, वर्षं मोजतात. उभ्या राहणाऱ्या गाडीच्या ब्रेक होजला, म्हणजे ऑइलच्या रबरी नळीला, भेगा जातात, व्हील सिलिंडरमध्ये गंज धरतो, टायरची नक्षी भरपूर असते आणि रबर मात्र दगड झालेलं असतं. तुमच्या टायरच्या भिंतीवर डीओटी अशी अक्षरं आणि शेवटी लांबट चौकटीत चार आकडे असतील. समजा ३४१४ असेल, तर तो टायर २०१४ सालच्या ३४ व्या आठवड्यात बनला. दहा वर्षं ओलांडलेला टायर नक्षी कितीही चांगली दिसली तरी बदलायचा, आणि सहाव्या वर्षापासून दरवर्षी तपासून घ्यायचा. नक्षीची कायद्याने किमान खोली १.६ मिलिमीटर आहे. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांना भिडली की टायर संपला. एक आठवण ठेवा, चार आकडे कधीकधी टायरच्या आतल्या बाजूलाच असतात, मग चाकाखाली वाकूनच बघावं लागतं. आणि स्टेपनी विसरू नका. २०११ च्या गाडीत स्टेपनी बहुतेक वेळा २०११ चीच निघते.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४१ प्रमाणे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. यालाच आपण रिपासिंग म्हणतो. त्यासाठी नमुना २५ मधला अर्ज मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून करता येतो, ‘वाहन’ पोर्टलवर ऑनलाइन. म्हणजे तुमची वेळ आताच आहे, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नाही. शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झालं, त्याआधी ते ६०० होतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये २० वर्षांपुढच्या मोटारींसाठी ते १०,००० केलं गेलं, पण तुमची गाडी अजून त्या वयाला आलेली नाही. उशीर केला तर मोटारीला महिन्याला ५०० रुपये जादा पडतात. पैसे भरण्याआधी पोर्टलवर दाखवलेली रक्कम तेवढी बघून घ्या. १५ वर्षांपुढच्या गाड्यांना महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो, तो वेगळा.

मुदत उलटू देऊ नका, हे मी दंडासाठी म्हणत नाही. नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या वेळी ५,००० पर्यंत दंड आहेच. पण मोठं नुकसान विम्यात होतं. गाडीची वैध नोंदणी नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये नरिंदर सिंग यांच्या प्रकरणात म्हटलं. तिथे गाडीची तात्पुरती नोंदणी संपलेली होती आणि अपघात झाला. २०२१ मध्ये चोरीला गेलेल्या गाडीच्या बाबतीतही न्यायालयाने हेच धरलं. बाबा “विमा आहे” म्हणतात ना, त्यांना सांगा, आरसीची, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राची, तारीख गेली की तो विमा ऐन वेळी हात वर करू शकतो.

बाबांच्या पीयूसीबद्दलही दोन ओळी. पीयूसी सायलेन्सरमधून निघणारा वायू बघते, तेवढंच. ब्रेकला, स्टिअरिंगला, टायरला कोणी हातही लावत नाही. पीयूसी असलेली गाडी घाटात सुरक्षित आहे असं समजणं म्हणजे रक्तातली साखर तपासून डोळे चांगले आहेत म्हणण्यासारखं आहे. एक मात्र तपासा. एप्रिल २०१० मध्ये बीएस-४, म्हणजे गाडीच्या धुराचं नवं सरकारी मानक, आलं ते मुंबई, पुणे, सोलापूर धरून १३ शहरांत, सातारा त्यांत नव्हतं. त्यामुळे तुमची गाडी बीएस-३ असण्याची शक्यता आहे. बीएस-३ असेल तर पीयूसी सहा महिन्यांची, बीएस-४ असेल तर वर्षाची.

आता एजंट. कागद भरायला, रांगेला उभं राहायला कोणाची मदत घेतलीत तर त्यात गैर नाही. बाबांचं वय बघता मीही घेतली असती. पण “गाडी आणायची गरज नाही” म्हणणारा माणूस तुम्हाला नेमकी कोणती गोष्ट टाळून देतोय ते बघा. मोटार वाहन निरीक्षक गाडीजवळ येतो, चेसिस नंबर पडताळतो, हेडलाइट, इंडिकेटर, ब्रेक लाइट, वायपर, हॉर्न, टायर बघतो, ब्रेक बघतो. पंधरा वर्षांत पहिल्यांदा एक परका, शिकलेला माणूस तुमच्या गाडीकडे बघणार आहे, आणि तुमच्या गाडीचा ब्रेक खोल जातोय. त्याच वेळी तुम्ही जादा पैसे देऊन त्याची नजर चुकवणार? ताई, एजंटाने आणून दिलेल्या कागदावर गाडी ठीक आहे असं लिहिलेलं असेल. त्या कागदावर विसंबून तुम्ही, बाबा आणि मागच्या सीटवर आणखी कोणी श्रावणात पसरणी उतराल. वळणावर समोरून एसटी येत असेल, तिच्यातली माणसंही त्या कागदाच्या भरवशावर असतील. गाडी न बघता पास झाली आणि पुढे काही झालं, तर त्या दिवशी एजंट तुमच्याबरोबर नसतो.

आणि निरीक्षकाने गाडी नापास केली तरी घाबरू नका. दोष सांगितले जातात, ते दुरुस्त करून गाडी पुन्हा दाखवता येते. पहिल्या नापासाने गाडी जात नाही.

जाण्याआधीची तयारी थोडक्यात सांगतो. आरसीवर बँकेचं नाव अजून असेल. कर्ज केव्हाच फिटलं तरी ते नाव आपोआप निघत नाही, बँकेचं ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ देऊन ते कमी करून घ्यावं लागतं. हे आधी करा, कारण जुन्या कर्जाचे कागद शोधण्यात बँकेकडे वेळ जातो. गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची असल्याने एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबर प्लेट, बसवलेली नसेल तर आरटीओतलं काम तिथेच अडेल. २०११ मध्ये शोरूममधून काचांना काळी फिल्म लावून घेतली असेल तर ती काढा, सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच ती बंद केली. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून त्याचा ठसा घ्यावा लागतो. नंबरवर गंज किंवा चिखल बसला असेल तर ठसा उमटत नाही, म्हणून गॅरेजमध्येच तो साफ करून घ्या. पिवळ्या पडलेल्या हेडलाइटच्या काचा पॉलिश होतात, नव्या घ्यायची घाई करू नका.

गॅरेजमध्ये मात्र “पासिंगपुरतं करून द्या” असं म्हणू नका. हे शब्द ऐकले की मेकॅनिक दिवे आणि हॉर्न बघतो आणि गाडी धुऊन देतो. त्याला सांगा, चारही चाकं उतरव, मागचे ड्रम उघड, आम्हाला दाखव. ऑइल पूर्ण बदल, चारही चाकांची एअर काढ. होज वाकवून बघ, भेग दिसली तर बदल. गाडी वर घेतलेली असतानाच पुढचं चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे धरून हलव, बॉल जॉइंट आणि टाय रॉडमध्ये खेळ आहे का बघ. खाली लोअर आर्मचे बुश बघ. तळाचा पत्रा, विशेषतः दाराखालची पट्टी आणि मागच्या सस्पेन्शनची जोडणी, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघ. गंज आतून खात असेल तर आवाज बदबद येतो. शेवटी सीटबेल्ट हिसका देऊन ओढा, जागेवर अडकला पाहिजे. काम झाल्यावर मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी तीसच्या वेगाला एकदा जोरात ब्रेक दाबून बघा. पेडल पहिल्याच दाबाला वरच्या वर लागलं पाहिजे आणि गाडी एका बाजूला ओढली जाता कामा नये. स्वयंचलित तपासणी केंद्रात हीच गोष्ट रोलरवर चाकं फिरवून मोजतात, डाव्या आणि उजव्या चाकाचा ब्रेक किती किती लागतो ते आकड्यात समोर येतं. आपल्याकडे अवजड व्यावसायिक वाहनांची तपासणी आता अशा केंद्रांकडे नेली आहे. खासगी गाड्याही सरसकट तिथे जायला लागतील तेव्हा मला फार बरं वाटेल, कारण यंत्र दोनदा दाबत नाही.

भावाला दिल्लीबद्दल सांगा, तो नियम दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रापुरता, हवेच्या प्रदूषणावरून राष्ट्रीय हरित लवादाच्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशातून आलेला आहे, आणि त्यातही पुढे बदल झाले. साताऱ्याच्या गाडीला तो लागू नाही. भंगार धोरण २०२१ मध्ये आलं, पण खासगी गाडीसाठी ते ऐच्छिक आहे. नोंदणीकृत केंद्रात गाडी दिली तर ठेव प्रमाणपत्र मिळतं, त्यावर नव्या खासगी गाडीच्या करात केंद्राच्या नियमाप्रमाणे २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची राज्याला मुभा आहे. तळाच्या पत्र्याला गंजाने भोकं पडली असतील, तर हा पर्याय तुम्ही खरोखर विचारात घ्या. नसतील तर ब्रेक, होज, टायर हे सगळं बदलता येण्यासारखं आहे. सगळ्यात मोठा खर्च टायरचा असेल.

पण तुमचा भाऊ ज्या देशात राहतो तिथली एक गोष्ट त्याला विचारा. इंग्लंडमध्ये एमओटी नावाची तपासणी असते. १९६० मध्ये ती सुरू झाली तेव्हा दहा वर्षांच्या गाड्यांना होती, १९६७ पासून तीन वर्षांच्या गाड्यांना आली. तिसऱ्या वर्षानंतर दरवर्षी. गल्लीतलं परवानाधारक गॅरेज ती करतं. २०१८ पासून दोषांची वर्गवारी आहे: धोकादायक, मोठा, किरकोळ. धोकादायक निघाला तर गाडी तिथून चालवत नेता येत नाही. आणि याखेरीज ‘सूचना’ असते: आज पास, पण हा टायर पुढच्या वर्षी टिकणार नाही. मला त्यातली ही सूचनाच सगळ्यात आवडते. तुमच्या बाबांचं पेडल केसाकेसाने खोल गेलं ते दोन-चार वर्षांत. दरवर्षी कोणी बघितलं असतं तर पहिल्याच वर्षी कागदावर ओळ आली असती, “मागचा ब्रेक, लक्ष ठेवा.”

आपल्याकडे खासगी गाडीला पंधरा वर्षं कोणी विचारत नाही, हे मला मनापासून चूक वाटतं. तीच गाडी, तेच मॉडेल, पिवळ्या पाटीवर टॅक्सी म्हणून धावत असेल तर आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी तिला फिटनेस दाखवावा लागतो. टॅक्सी जास्त पळते हे खरं. पण घाट दोघींना सारखाच आहे, आणि उभी राहून सडणारी गाडी टॅक्सीपेक्षा बरी असतेच असं नाही, ते तुमच्या पत्रातच दिसतंय. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तुम्ही तुमच्यापुरती दरवर्षी एक तारीख ठरवा. आमच्याकडे दसऱ्याला गाडीला हार घालतात. त्याच्या आदल्या शनिवारी चाकं उतरवून ब्रेक बघायचे, दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, हे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो, आणि त्यांतले बरेच जण ते पाळतात.

आता बाबा. त्यांना तुम्ही “गाडी नापास होईल” म्हणालात तर ते गाडीची बाजू घेतील, आणि गाडीची बाजू म्हणजे त्यांची स्वतःची बाजू. त्यांनी ती स्वतःच्या पैशाने घेतली, पंधरा वर्षं एक ओरखडा येऊ दिला नाही. ते मान्य करूनच बोला. त्यांना गॅरेजमध्ये बरोबर न्या, खुर्ची मागवून बसवा, आणि जुनं ब्रेक ऑइल बाटलीत काढून मेकॅनिकला त्यांच्या हातात द्यायला सांगा. शेजारी नव्या ऑइलचा डबा ठेवा. मी पंचवीस-तीस वर्षं चालवणाऱ्या ड्रायव्हरांना त्या बाटलीकडे बघून गप्प झालेलं पाहिलंय. आरटीओतही त्यांना न्या. निरीक्षक विचारेल तेव्हा गाडी कोणी सांभाळली ते त्यांनाच सांगू द्या.

एक गोष्ट मात्र त्यांना तुम्हीच विचारायला हवी, आणि ती आरटीओ या तपासणीत विचारणार नाही. ७६ व्या वर्षी रात्रीचं, पावसातलं, घाटातलं चालवणं त्यांना अजून सोपं जातं का? डोळे तपासून किती वर्षं झाली? तुम्ही गाडी शिकलेल्या आहात. ब्रेक नीट झाल्यावर घाट तुम्ही उतरवा, बाबांना शेजारी बसवा आणि गिअर कोणता ते त्यांनाच सांगायला सांगा.

श्रावणात काम झालं नाही तर पाचगणीला एसटीने जा, वाईहून गाड्या मिळतात. आणि या रविवारी बॅटरी घेऊन पाचही टायरवरचे चार आकडे वाचून काढा. कोणते निघाले ते मला कळवा.